दहा महिने थांबू की पाटल्या मोडू?

ताई,

मी चिंचवडला राहते, वय ३६, उंची १५८ सेंमी, वजन ९६. मुलगी झाल्यापासून वजन वाढायला लागलं ते थांबलंच नाही. पाच वर्षांपासून शुगर आहे, तीन गोळ्या चालू आहेत तरी मागचा एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा) ९.४ आला. रात्री एवढी घोरते की मुलगी आजीकडे झोपायला जाते. डायट किती केले ते मोजायचं सोडलंय. आता डॉक्टरांनी वजन कमी करायची बॅरियाट्रिक सर्जरी सांगितली, हॉस्पिटलने खर्च ४ लाख ६० हजार सांगितला. नवऱ्याच्या कंपनीची पॉलिसी ३ लाखांची आहे पण या ऑपरेशनला त्यात १ लाखच मिळतात. आमची स्वतःची ५ लाखांची फ्लोटर (तिघांची मिळून एकच पॉलिसी) आहे, ती घेऊन २ वर्षं २ महिने झाले. शुगर त्यात दाखवलीये, फॉर्म एजंटनेच भरला होता, मी सही केली. एजंट म्हणतो तीन वर्षं व्हायच्या आत काही नाही आणि नंतर पण लठ्ठपणाला विमा नसतोच, त्यापेक्षा डॉक्टरांशी बोलून पित्ताशयाचं ऑपरेशन दाखवू, सगळे करतात. नवरा म्हणतो सोन्याला भाव आलाय, तुझ्या पाटल्या मोडू आणि उरलेले ईएमआयवर टाकू. सासूबाई म्हणतात तोंडाला कुलूप लाव, फुकटात होईल. हॉस्पिटलमधून दर दोन दिवसांनी फोन येतो की या महिन्यात केलं तर २५ हजार कमी. काय करू? नाव छापू नका.

*

अगं, तुझं पत्र वाचून पहिल्यांदा त्या २५ हजारांच्या डिस्काउंटचाच राग आला. ऑपरेशन आहे, दिवाळीचा सेल नाही. तू त्या फोनवाल्या मुलीला सांग की मी कळवीन तेव्हा कळवीन, आणि नंबर सायलेंटवर टाक.

मी अकरा वर्षं एका हॉस्पिटलच्या टीपीए (विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणारी संस्था) डेस्कवर काढली आहेत, म्हणजे विम्याच्या फायली भरायच्या, कंपनीच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची आणि डिस्चार्जच्या दिवशी चिडलेल्या नातेवाइकांची बोलणी खायची. तिथे एक गोष्ट शिकले ती आधी सांगते. अपेंडिक्स फुटलेला माणूस रात्री दोनला येतो तेव्हा त्याच्या हातात काही नसतं, जी रूम मिळेल ती, जे बिल येईल ते. तुझं तसं नाहीये. तुझं ऑपरेशन ठरवून, तारीख काढून करायचंय, म्हणजे तुझ्याकडे वेळ आहे आणि या सगळ्या प्रकरणात वेळ हाच तुझा सगळ्यात मोठा पैसा आहे. तो २५ हजारांना विकू नकोस.

आता एजंट. लठ्ठपणाला विमा नसतोच हे धादांत खोटं आहे, किंवा त्याला माहीत नाही, दोन्ही वाईटच. आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१९ मध्ये सगळ्या कंपन्यांसाठी वगळलेल्या गोष्टींची एकच भाषा ठरवून दिली आणि १ ऑक्टोबर २०२० पासून ती जुन्या-नव्या सगळ्या पॉलिसींना लागू झाली. तुझ्या पॉलिसीच्या पुस्तकात 'एक्सक्ल ०६' असा कोड शोध, लठ्ठपणा आणि वजन नियंत्रण असं त्यापुढे लिहिलेलं असेल. वाचताना वाटतं की बंदीच आहे, पण नीट वाच, तिथे असं लिहिलंय की *अमुक अटी पूर्ण न करणारं* ऑपरेशन वगळलंय. अटी अशा: डॉक्टरांनी सुचवलेलं असावं, वैद्यकीय प्रोटोकॉलप्रमाणे असावं, वय १८ किंवा जास्त, आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ४० किंवा जास्त, नाहीतर ३५ किंवा जास्त अधिक चारपैकी एक गंभीर आजार, आणि त्याआधी ऑपरेशनशिवायचे उपाय करून झालेले पण उपयोग न झालेला. ते चार आजार म्हणजे लठ्ठपणामुळे झालेला हृदयाच्या स्नायूंचा आजार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडणं) आणि कंट्रोलमध्ये नसलेला टाइप २ डायबेटिस.

तुझा बीएमआय मी काढला, ३८.५ येतो. म्हणजे चाळीसवाल्या दारातून तू आत जाणार नाहीस, पस्तीसवाल्या दारातून जाशील आणि त्याची किल्ली तुझी शुगर आहे. कदाचित घोरणं पण. इथे बऱ्याच लोकांचा घोळ होतो, डॉक्टरांचे आकडे वेगळे आणि विम्याचे वेगळे. आपल्याकडच्या लोकांना कमी वजनातच डायबेटिस गाठतो म्हणून सर्जन लोकांच्या नव्या गाइडलाइनमध्ये आशियाई लोकांसाठी बीएमआय २७.५ पासून ऑपरेशनचा विचार करा असं आहे. विमा कंपनी ते ऐकत नाही, तिचं ४० आणि ३५ ठरलेलं. डॉक्टर 'बसतंय' म्हणाले की लोक समजतात क्लेम पण बसला, आणि मग माझ्यासारखीच्या डेस्कवर येऊन भांडतात.

आता एक गंमत ऐक, म्हणजे गंमत कसली. विम्याला शुगर कंट्रोलमध्ये *नसलेली* हवी आणि भूल देणाऱ्या डॉक्टरला ऑपरेशनआधी ती कंट्रोलमध्ये *आणलेली* हवी. तसंच वजनाचं, ऑपरेशनआधी लिव्हर लहान व्हावं म्हणून दोन-तीन आठवडे अगदी कमी कॅलरीचं डायट देतात, त्यात तीन-चार किलो सहज जातात, आणि ॲडमिट होताना काट्यावर जे येतं तेच केस पेपरवर लिहिलं जातं. तुझ्या उंचीला ३५ चा बीएमआय म्हणजे साधारण ८७.४ किलो, तुला साडेआठ किलोंची जागा आहे, पण काठावरच्या बायकांच्या फायली याच कारणाने अडकलेल्या मी पाहिल्यात. म्हणून शुगर आणि वजन दोन्हीचे *तयारी सुरू व्हायच्या आधीचे* कागद जमव, तारखेसकट. पाच वर्षांतले जेवढे रिपोर्ट सापडतील तेवढे, गोळ्या कधी एकाच्या दोन आणि दोनाच्या तीन झाल्या ती प्रिस्क्रिप्शनं, डायटिशियनच्या पावत्या, जिमची फी भरलेली पावती असली तर ती पण. 'डायट मोजायचं सोडलंय' असं लिहिलंस ना, ते आता मोजायला लाग. उपाय करून झाले हे सिद्ध करायचं तुझ्या अंगावर आहे आणि घरी केलेला ज्वारीची भाकरी-लिंबूपाण्याचा डायट कुणी धरत नाही.

घोरण्याची स्लीप स्टडी करून घे. रात्रभराची टेस्ट असते, आता घरी मशीन लावून पण करतात. त्यात झोपेत तासाला किती वेळा श्वास अडतो तो आकडा येतो, ३० किंवा वर असेल तर रिपोर्टवर तीव्र असं लिहून येतं. ते आलं तर तुझ्याकडे एकाच्या जागी दोन कारणं झाली. आणि विमा सोड, श्वास तसा अडत असेल तर भूल देणाऱ्याला ते माहीत असणं तुझ्या जिवासाठी गरजेचं आहे.

पित्ताशयाचं सोंग मात्र अजिबात नको. सगळे करतात म्हणे! ऑपरेशनच्या नोट्समध्ये सगळं लिहिलेलं असतं, जठराचा कापलेला भाग तपासणीला जातो त्याचा रिपोर्ट येतो, स्टेपलरचं (जठर कापून शिवायच्या यंत्राचं) बिल असतं, पित्ताशयाला कोण एवढे स्टेपलर वापरतं. पकडलं गेलं की क्लेम तर जातोच, पॉलिसी पण रद्द होऊ शकते, आणि पॉलिसी फ्लोटर आहे म्हणजे नवरा आणि मुलगी पण उघड्यावर. त्याहून वाईट म्हणजे उद्या रात्री पोटात दुखून तू कुठल्या तरी तिसऱ्याच हॉस्पिटलमध्ये गेलीस आणि कागदावर पित्ताशय काढलं असं लिहिलेलं असलं तर तिथला डॉक्टर चुकीच्या जागी शोधत बसेल.

याच एजंटने तुझा फॉर्म भरलाय म्हणून मला दुसरीच काळजी वाटते. पॉलिसीबरोबर प्रपोजल फॉर्मची, म्हणजे तू सही केलेल्या त्या फॉर्मची, कॉपी आलेली असते, ती काढ आणि तुझं वजन किती लिहिलंय ते बघ. एजंट लोक तिथे सर्रास ६५-७० ठोकून देतात, प्रीमियम वाढू नये आणि मेडिकल लागू नये म्हणून. तसं असेल तर क्लेमच्या वेळी कंपनी म्हणणार माहिती लपवली. पॉलिसीला सलग पाच वर्षं झाली की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय त्यांना जुनं उकरून काढता येत नाही, पण तुझी दोनच झालीयेत. वजन चुकीचं असलं तर विमा कंपनीला ईमेल टाक की फॉर्म एजंटने भरला होता, खरं वजन त्या वेळी एवढं होतं, नोंद दुरुस्त करा. प्रीमियम वाढवतील, काही अट घालतील, अगदी वाईट म्हणजे पॉलिसीच पुढे चालू ठेवायला नाही म्हणतील. पण ते ऑपरेशनच्या आधी कळलेलं बरं की डिस्चार्जच्या दिवशी?

तर थांबायचं का. तुझी शुगर दाखवलेली आहे, आधीपासूनच्या आजाराचा वेटिंग पीरियड (त्या आजाराला पैसे मिळायच्या आधी थांबायची मुदत) तीन वर्षांचा आहे, म्हणजे अजून दहा महिने. पुस्तकात या ऑपरेशनचा वेगळा वेटिंग पीरियड किंवा वेगळी मर्यादा दिलीये का ते पण बघ, काही पॉलिसींमध्ये असते. आज केलंस तर नवऱ्याच्या कंपनीचा १ लाख आणि खिशातून ३ लाख ६० हजार. दहा महिन्यांनी केलंस आणि कागद चोख असले तर आधी कंपनीच्या पॉलिसीतून १ लाख, मग उरलेल्या बिलासाठी त्यांचं सेटलमेंट लेटर (किती पैसे दिले त्याचं पत्र) आणि बिलांच्या शिक्का मारलेल्या कॉपी लावून स्वतःच्या पॉलिसीतून बाकीचं. दोन पॉलिसी असल्या की एकीतून काही घेतलं म्हणजे दुसरी बंद असं नसतं. माझा कौल थांबण्याकडे आहे. पण तो पैशांचा कौल आहे. डॉक्टरांना सरळ विचार की ९.४ शुगर घेऊन दहा महिने थांबलं तर माझ्या डोळ्यांचं, किडनीचं काय, मधल्या काळात औषधं बदलून ती खाली आणता येईल का. ते म्हणाले की थांबू नका, तर मग माझं गणित फेकून दे आणि कर.

(मधल्या काळात शुगर-वजनाची इंजेक्शनं सुचवतील. मौंजारो मार्च २०२५ मध्ये आपल्याकडे आलं तेव्हा ५ एमजीची आठवड्याची एक बाटली ४,३७५ रुपयांना होती, महिन्याचे साडेसतरा हजार झाले. विमा सहसा त्याचे पैसे देत नाही आणि बंद केलं की बहुतेकांचं वजन परत येतं. डॉक्टरांनी शुगरसाठी दिलंच तर घे, पण हिशोब करून घे.)

थांबायचं ठरलं तर नवऱ्याला एक काम लाव. कंपनीची पॉलिसी दरवर्षी रिन्यू होते, त्याच्या आधी एचआर आणि ब्रोकरची बोलणी होतात. त्याने एचआरला जाऊन विचारावं की १ लाखाची ही मर्यादा वाढवता येईल का. नाव न घेता विचारलं तरी चालतं. बहुतेक वेळा नाहीच म्हणतात, पण आमच्याकडे एका कारखान्याच्या पेशंटची मर्यादा अशीच नुसती विचारल्यावर दुप्पट झाली होती, आधी कुणी विचारलंच नव्हतं एवढंच.

आता रूम. इथे लोक जेवढे पैसे घालवतात तेवढे कुठेच घालवत नाहीत. तुझ्या ५ लाखांच्या पॉलिसीत रूम भाडं विम्याच्या रकमेच्या एक टक्का असं असेल तर दिवसाला ५ हजार. तू म्हणालीस बाई एवढं मोठं ऑपरेशन आहे, ८ हजारांची सिंगल रूम घेऊ, तीन दिवसांचे ९ हजार वरचे भरू. तसं नसतं गं. सर्जनची फी, ओटीचा चार्ज, भूल, हे सगळं पण त्याच प्रमाणात कापतात, आठातले पाच. हे सगळं मिळून २ लाख असलं तर मिळणार १ लाख २५ हजार, म्हणजे त्या एका दारासाठी ७५ हजार गेले. औषधं, तपासण्या, इम्प्लांट यांना ही कात्री लावता येत नाही असा नियम आहे, लावली असली तर भांड. पण मुळात ट्विन शेअरिंग घे. शेजारच्या बाईची सून डबा चांगला आणते की नाही ते पण कळतं.

हॉस्पिटलकडून ४ लाख ६० हजारांचा आकडा नुसता तोंडी घेऊ नकोस, छापील एस्टिमेट माग आणि त्यात स्टेपलर आणि त्याची कार्ट्रिजं (त्यात भरायच्या पिनांचे संच) किती धरलीत ते वेगळ्या ओळीत लिहून माग. या ऑपरेशनमध्ये जठर कापताना एकामागून एक पाच-सहा कार्ट्रिजं लागतात आणि बिलात मोठा वाटा त्यांचाच असतो. जास्त लागली तर कोण भरणार? जठराच्या शिवणीतून लीक झालं, परत ओटीत न्यावं लागलं, आयसीयूत चार दिवस काढावे लागले तर पॅकेजमध्ये आहे का? हे विचारताना लोकांना अपशकुन वाटतो. वाटू दे. आणि प्री-ऑथ, म्हणजे विमा कंपनीकडे आधी मागायची मंजुरी, ॲडमिट व्हायच्या आदल्या दिवशी नको, हॉस्पिटल आणि टीपीए घेतील तेवढी लवकर पाठवायला लाव. मंजुरीचा कागद हातात आल्याशिवाय ॲडमिट होऊ नकोस. तारीख पुढे गेली तर जाऊ दे.

नाहीच म्हणाले तर? कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम नाकारला असं नाही, पैसे भरून नंतर रीइम्बर्समेंट मागता येतं, पण तेवढी रोकड उभी करण्याआधी नाकारल्याचं कारण कलमाच्या नंबरासकट लेखी माग. मग कंपनीच्या तक्रार विभागाकडे ईमेल. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. पुण्यात ऑफिस आहे, फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची प्रकरणं घेतात, कंपनीने नाकारल्यापासून वर्षाच्या आत जायचं. मी पेशंटच्या बाजूने कागद लावायला मदत केलेल्यातले काही जिंकले, काही हरले. हरलेल्यांच्या फायलीत बहुतेक वेळा तेच, आधीचे उपाय केल्याचा पुरावा नाही.

एवढं करूनही खिशातून जाणारच आहे ते धरून ठेव. ऑपरेशननंतर प्रोटीन पावडर, व्हिटॅमिनच्या गोळ्या, बी१२, काही महिने ॲसिडिटीची आणि पित्तखडे होऊ नयेत म्हणून द्यायची गोळी, दर काही महिन्यांनी रक्ततपासण्या. व्हिटॅमिन तर जन्मभर. एस्टिमेटमध्ये हे नसतं. पुढे पोटाची कातडी लोंबली आणि ती काढायची म्हटलीस तर विमा त्याला सौंदर्याचं ऑपरेशन म्हणतो. आधीच्या तपासण्या मात्र पॉलिसीत दिलेल्या मुदतीत, म्हणजे ॲडमिट व्हायच्या आधीचे ३० किंवा ६० दिवस, बसवून केल्या तर क्लेममध्ये मिळतात, एंडोस्कोपी आणि टूडी इको त्या मुदतीत कर. दुसऱ्या बाळाचा विचार असला तर ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्ष थांबायला सांगतात, तेही आत्ताच ठरवा.

पाटल्या मोडू नका. मोडताना घडणावळ गेलीच, आणि नंतर परत करू म्हणून मोडलेलं सोनं परत आलेलं मी तरी पाहिलं नाही. लागलेच तर बँकेत तारण ठेवा, वैयक्तिक कर्जापेक्षा स्वस्त पडतं आणि पाटल्या तुझ्याच राहतात. त्याआधी नवऱ्याच्या ऑफिसची पतसंस्था आहे का बघा, चिंचवडच्या बऱ्याच कंपन्यांमध्ये असते. पीएफमधून बायकोच्या ऑपरेशनसाठी पैसे काढता येतात आणि ते परत भरावे लागत नाहीत, पण ते म्हातारपणाचे आहेत म्हणून माझ्या यादीत शेवटून दुसरे. शेवटचं क्रेडिट कार्ड, महिन्याला साधारण साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२. हॉस्पिटलचा नो-कॉस्ट ईएमआय म्हणजे बहुतेक वेळा रोख भरणाऱ्याला मिळणारी सूट तुला मिळत नाही आणि वर प्रोसेसिंग फी. ईएमआय घेणार नाही, रोख देते, किती कमी करता, असं विचार, तो २५ हजारांचा आकडा तेव्हा परत येईल बघ.

आणि सरकारी हॉस्पिटलला नाक मुरडू नका. पुण्यात ससूनला, मुंबईत जेजेला ही ऑपरेशनं झालेली आहेत. नंबर लागायला वेळ लागतो, तुझ्याकडे दहा महिने आहेतच, ओपीडीत एकदा जाऊन ये. घरचं वर्षाचं उत्पन्न ३ लाख ६० हजारांच्या आत असेल तर धर्मादाय हॉस्पिटलमध्ये सवलतीच्या खाटा राखीव असतात, उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटायचं, रिसेप्शनवर नाही, रिसेप्शनवर खाटा नेहमी भरलेल्याच असतात.

सासूबाईंचं राहिलं. त्यांच्याशी स्वयंपाकघरात वाद घालू नकोस. पुढच्या वेळी डायटिशियनकडे जाताना त्यांना बरोबर ने, कारण ऑपरेशननंतर दोन आठवडे तुला फक्त पातळ आणि मग काही आठवडे मिक्सरमधलं खायला लागणार, ते घरात कोण करणार आहे? त्या एकदा ताक-पेजेचं वेळापत्रक हातात घेऊन बसल्या की कुलूप-बिलूप विसरतील. बहुतेक.

आज रात्री बाकी काही करू नकोस, कपाटातली ती पॉलिसीची फाइल काढ आणि फॉर्मवर वजन किती लिहिलंय ते मला कळव. त्याच्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.